आधी कुणाचं छत

माझ्या धाकट्या भावाला सगळे ओळंबा म्हणतात. गवंड्याच्या दोरीला लटकणारा तो लोखंडी गोळा जसा सरळ रेषा सोडत नाही, तसाच हा. लहानपणी दारातल्या चपला एका ओळीत लावल्याशिवाय याला झोप यायची नाही. मोठा झाल्यावर त्यानं छतांवर सौर पॅनेल बसवायचा धंदा काढला, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, आता चपलांची तरी सुटका होईल. चपलांची काही सुटका झाली नाही, पण निम्म्या शहराची छतं त्यानं अशी आखून दिली की टेकडीवरून पाहिलं तर कुणीतरी पट्टी धरून रेघा मारल्यात असं वाटावं.

मी विजेच्या नियंत्रण कक्षात शिफ्ट इंजिनिअर आहे. शहरात येणारी वीज आणि खर्च होणारी वीज यांचा मेळ क्षणोक्षणी बसतोय ना, हे बघणं माझं काम. आमच्या भिंतीवर एक मोठा आकडा असतो, विजेच्या वारंवारतेचा. तो पन्नासवर असला की सगळं आलबेल. वीज जास्त झाली की वर सरकतो, कमी पडली की खाली येतो. लोकांना वाटतं आम्ही कसली कसली अवघड यंत्रं सांभाळतो. आम्ही तो आकडा सांभाळतो, बाकी सगळं त्याच्यासाठी.

पूर्वी हे सोपं होतं. लांबच्या औष्णिक केंद्रातून डोंगर ओलांडून एकच मोठी लाइन शहरात यायची. तिकडची अवजड चाकं एकदा फिरायला लागली की स्वतःच्या वजनानंच फिरत राहायची आणि बारीकसारीक धक्के पोटात घालायची. मग टेकडीवर पवनचक्क्या आल्या, शहराबाहेर कंटेनरमधल्या बॅटऱ्या आल्या आणि छतांवर माझा भाऊ आला. ऊन आणि वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. धक्का पोटात घालणारं तसं जड चाकही त्यांच्या विजेच्या पाठीशी नसतं. पण जमवायचं म्हटलं तर जमतं, हे मी पहिल्यापासून सांगत आले होते.

आता तर जमवणं भागच होतं. डोंगरातल्या त्या लाइनच्या तारा जीर्ण झाल्या होत्या. त्या बदलायच्या म्हणजे पुढचे कित्येक महिने दिवसा लाइन बंद ठेवायची. तेवढा वेळ शहरानं आपल्या उन्हावर, आपल्या वाऱ्यावर आणि आपल्या बॅटरीवर उभं राहायचं. राहू शकतं, असं मी मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. आणि पहिल्याच चाचणीत तोंडावर आपटले.

झालं असं, की दुपारी आम्ही लाइन तोडली आणि सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग एक ढग बाजूला झाला आणि त्याच वेळी टेकडीवर वारा वाढला. बॅटरी आधीच भरत आलेली, तिला आणखी वीज गिळता येईना. आकडा वर चढला. आणि एका क्षणात शहरातली सगळी छतं बंद पडली. आता वीज कमी पडली, आकडा धाडकन खाली. बॅटरीनं कसंबसं सावरलं. जरा स्थिर होतंय तोवर सगळी छतं एकदम परत आली. आकडा पुन्हा वर, छतं पुन्हा बंद. असे काही हेलकावे खाल्ल्यावर बॅटरीनं हात टेकले आणि शहर अंधारलं. लाइन परत जोडेपर्यंत लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, आणि दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट अर्धवट कोरलेला दात घेऊन आमच्या फाटकाशी आला. त्याला बोलता येत नव्हतं हे आमचं नशीब.

कुठे माशी शिंकली ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. आलेखावर करवतीसारखे दात उमटले होते. सगळे सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे. वारा असा वागत नाही, ऊनही वागत नाही. इतकं एकसारखं काम या शहरात एकच माणूस करतो.

प्रत्येक छताला एक इन्व्हर्टर असतो, भिंतीवरची पेटी. पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणं तिचं काम. शिवाय आकडा फार वर गेला की बाजूला व्हायचं, आणि सगळं ठीक झालं की ठरलेला वेळ थांबून परत यायचं, हेही तिच्यात भरून ठेवलेलं असतं. माझ्या भावानं शहरभर प्रत्येक पेटीत अगदी तोच आकडा आणि तोच वेळ भरला होता. एकाही पेटीत तसूभर फरक नाही. सगळी छतं एकाच क्षणी घाबरत होती आणि एकाच क्षणी धीट होत होती.

साहेबांच्या खोलीतल्या बैठकीला त्यालाही बोलावलं होतं. मी आलेख टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "चूक इथे आहे. सगळ्या पेट्या एकसारख्या आहेत."

तो ताठ झाला. "एकसारख्या असणं ही चूक कधीपासून झाली?"

"शहर अंधारलं तेव्हापासून."

"तो आकडा मी स्वप्नात पाहिला नव्हता. तुमच्याच ऑफिसच्या नियमात आहे."

होता. नियम लिहिला तेव्हा शहरात बोटांवर मोजण्याइतकी छतं होती. ती एकदम गेली काय आणि आली काय, कुणाला फरक पडत नव्हता. नियम तोच राहिला आणि छतं वाढत गेली, हे ना आमच्या लक्षात आलं ना त्याच्या. मी तसं कबूलही केलं. पण भरलेल्या खोलीत बहिणीनं आपल्या कामावर बोट ठेवलं, एवढंच त्याच्या कानात राहिलं.

साहेब काळजीखोर माणूस. चहासुद्धा फुंकून, थांबून, पुन्हा फुंकून पितात. त्यांना चूक कुणाची यात रस नव्हता. "माझं म्हणणं साधं आहे," ते म्हणाले. "छतं ग्रिडपासून कायमची तोडू. नवी परवानगी नाही. लाइनच्या कामापुरते डिझेलचे जनरेटर आणू."

भावाचा चेहरा उतरला. कायमची तोडू म्हणजे त्याचं दुकान बंद, हाताखालची माणसं घरी, आणि ज्या ज्या घरात तो अभिमानानं शिरला होता तिथे तोंड दाखवायची सोय नाही.

"साहेब, आणखी एक चाचणी द्या," मी म्हटलं. "पेट्या दुरुस्त करून. पुन्हा शहर अंधारलं तर तुम्ही म्हणाल ते."

साहेबांनी कपावर पुन्हा एक फुंकर घातली. "एकच," ते म्हणाले. "आणि माझ्या टेबलावर सगळी छतं एकदम तोडायचं बटण पाहिजे."

भाऊ माझ्याशी एक अक्षर न बोलता निघून गेला. खुर्ची मात्र आत सरकवून गेला.

संध्याकाळी मी आईकडे गेले. तो तिथेच राहतो. आई शेंगा सोलत बसली होती. "वर आहे," ती म्हणाली. "फुगलाय. तूही जाऊन फुगू नकोस, मला एकच पुरे आहे."

गच्चीवर तो आमच्याच पॅनेलच्या काचा पुसत होता. स्वच्छ काचा.

"हे बघ," मी म्हटलं, "लहानपणी आई जेवायला हाक मारायची तेव्हा आपण दोघं एकदम दाराशी धावायचो आणि दोघंही चौकटीत अडकायचो. आठवतं?"

"तू ढकलायचीस."

"मी ढकलायचे, पण अडकायचो दोघं. तुझ्या पेट्यांचं तेच होतंय. कुणी आधी बाजूला व्हायला पाहिजे, कुणी नंतर. परत येतानाही रांगेनं. जो पहिला बाजूला झाला तो शेवटी येईल. म्हणजे आकड्याला धक्का न बसता उतार मिळेल."

"म्हणजे प्रत्येक पेटीत वेगळा आकडा." त्यानं फडकं पिळलं. "मी इतकी वर्षं एकेक स्क्रू मोजून आवळला. आणि आता तू म्हणतेस मुद्दाम वाकडंतिकडं कर."

"वाकडंतिकडं नाही. मागेपुढे कर."

"माझ्यासाठी तेच ते." मग एकदम वळून म्हणाला, "आणि आधी कुणाचं छत? ज्याचं आधी बाजूला होईल त्याची वीज रोजच थोडी कमी भरणार. कुणाच्या तोंडावर सांगू मी, की तुझ्यापासून सुरुवात?"

"ते तुझं तू बघ. कितव्या पायरीवर किती छतं, तेवढं मी आखून देईन. कोणतं छत कुठे, ते मला सांगूही नकोस. उद्या कुणी मला रस्त्यात अडवलं तर मला माहीत नाही म्हणता आलं पाहिजे." आणि जिभेला हाड नसल्यासारखं पुढे बोलून गेले, "स्वतःचं तर शेवटीच ठेवशील, ते मला न सांगताही माहीत आहे. माघार घ्यायची वेळ आली की तू नेहमीच शेवटचा."

त्यानं फडकं कठड्यावर वाळत टाकलं, चारही टोकं ताणून. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेत इतकं नाही.

पुढचे दिवस त्याच्या बातम्या मला आईकडून फोनवर कळायच्या. तो घरोघर हिंडत होता. बेकरीवाला म्हणाला, माझी भट्टी विजेवर चालते, माझं शेवटी ठेव. शिंपीणबाईंनी सांगितलं, शेजारणीचं माझ्याआधी असेल तर माझी हरकत नाही. दातांच्या डॉक्टरांनी तर सुनावलं, की माझी अब्रू एकदा गेलेली आहे, आता माझ्यापासून सुरुवात केलीस तर तुझे दात मी मोफत काढीन. सगळ्यांना शहरात उजेड हवा होता, आणि आधी सरायचं ते शेजाऱ्यानं. भाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि पेटी उघडून आकडा बदलायचा. घरी येऊन मुकाट जेवायचा.

"पहिलं कुणाचं ठेवलं म्हणाला का?" मी आईला विचारलं.

"तूच म्हणालीस ना सांगू नकोस म्हणून? मग मलाही कशाला विचारतेस?" आईनं फोन ठेवला.

चाचणीचा दिवस उजाडला तो अर्धवट ढगाळ, वाऱ्याचा. साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, "पुढे ढकलायचं का?"

"नाही साहेब. असाच दिवस पाहिजे. सरळ दिवशी पास होऊन काय उपयोग?"

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण हिशेब मी स्वतः केला होता आणि पेट्यांना हात ओळंब्याचा लागला होता. माझ्याशी बोलत नसला तरी तो काम वाईट करणार नाही, याची मला स्वतःच्या नावाइतकी खात्री होती.

भावाच्या दुकानातला छतांचा नकाशा आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर जोडला होता. प्रत्येक छत म्हणजे एक ठिपका. वीज देत असेल तर हिरवा, बाजूला झालं असेल तर करडा. भाऊ तिकडे दुकानात बसून तोच नकाशा बघत होता. माझ्या शेजारच्या टेबलावर वाऱ्याचा अंदाज सांगणारी माझी जुनी सहकारी होती. तिला सगळे वारेवाली म्हणतात. आणि मागे साहेब, त्यांच्यासमोर ते बटण.

"लाइन तोडा," मी फोनवर सांगितलं.

डोंगराकडून येणाऱ्या विजेची रेघ शून्यावर आली. आकडा किंचित थरथरला आणि पन्नासपाशी थांबला. शहराला काही कळलंसुद्धा नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडायचं यंत्र चालवत होतं, ते तसंच घरघरत राहिलं.

दुपारपर्यंत ढग येत जात राहिले. बॅटरी भरत आली. मग वारेवाली म्हणाली, "टेकडीवर जोर येतोय. आणि मोठा ढग सरकतोय."

"पवनचक्क्यांना पाती वळवायला सांग, म्हणजे वारा कमी पकडतील."

"सांगितलं. पण त्यांना वेळ लागणार."

तो वेळच तर आमच्याकडे नव्हता. शहरावर लख्ख ऊन पसरलं आणि आकडा चढायला लागला. साहेबांची खुर्ची करकरली. मी मागे न बघता ओळखलं की त्यांचा हात बटणाकडे गेलाय.

"साहेब, नको."

"मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं."

"मागच्या वेळी सगळी छतं एकदम गेली म्हणून शहर अंधारलं. तुम्ही बटण दाबलंत तर तेच होईल. आत्ता ती आपणहून जातील, एकेक करून. थांबा."

"आणि नाही गेली तर?"

"जातील. माझ्या भावानं लावलीत."

हे मी बोलले आणि बोलल्यावर मलाच बरं वाटलं.

"एक गेलं," वारेवाली म्हणाली. कुठलं ते पाहायला मला सवड नव्हती, माझे डोळे आकड्यावर खिळले होते. "आणखी दोन. चार. आता बाजारपेठेतली काही." आकडा चढत होता, पण दम लागल्यासारखा. पडद्याच्या कडेला मला ठिपके विझताना जाणवत होते, कुठे एक, कुठे एक, कुणाचा कुणाशी संबंध नसल्यासारखे. आकडा आणखी सरकला, आणखी काही छतं बाजूला झाली. मग तो थांबला. मी बघत राहिले. आणि तो सावकाश, एखादं शहाणं मूल जिना उतरतं तसा, खाली येऊ लागला.

दिवे मंद झाले नाहीत. बाहेरचं यंत्र भिंतीला भोक पाडतच होतं. तेवढ्यात टेकडीवरची पातीही वळली, तिकडून येणारी वीज आवरली. आकडा पन्नासच्या आसपास घुटमळायला लागला.

"आता परत येताना बघू," साहेब म्हणाले. हात अजून बटणाजवळच होता, पण टेबलावर टेकलेला.

छतं परत यायला लागली. आधी बेकरी. मग शिंपीणबाई. मग त्यांची शेजारीण. एक गल्ली, दुसऱ्या टोकाचं एक घर, शाळेची इमारत, दवाखाना. दर वेळी आकडा जरासा हलायचा आणि बॅटरी त्याला समजावून परत बसवायची. पडदा हिरवा होत गेला. साहेबांनी बटणावरचं झाकण लावलं. माझ्या देखत या माणसानं पहिल्यांदाच चहा न फुंकता घेतला, आणि जीभ भाजून घेतली.

"झालं," वारेवाली म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली.

"नाही झालं," साहेब पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. "ते एक राहिलंय. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, कोपऱ्यावरचं. बिघडलंय वाटतं."

सगळ्या हिरव्या ठिपक्यांत तो एकटा करडा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. टाकी, गल्ली, कोपरा. माझ्या पायांना पाठ असलेला रस्ता.

"बिघडलेलं नाही, साहेब," मी म्हटलं. "ते आमचं घर आहे. सगळ्यांच्या आधी बाजूला झालं होतं, म्हणून सगळ्यांच्या शेवटी येणार."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला.

मी दुकानात फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"हं," तो म्हणाला.

"आपलं छत पहिलं ठेवलंस?"

"कुणाचं तरी ठेवायलाच लागणार होतं."

"आईला विचारलंस?"

"तीच म्हणाली. मी सांगणार होतो, ती माझ्या आधी बोलली." मग म्हणाला, "तू सांगू नकोस म्हणाली होतीस, म्हणून नाही सांगितलं."

"गच्चीवर मी जे बोलले ते चुकलं रे माझं."

"चुकलंच," तो म्हणाला. सोडतोय कसला. पण आवाजात ताठा नव्हता. "ताई, आकडा किती आहे आत्ता?"

"पन्नास."

"बरोबर पन्नास?"

मी भिंतीकडे पाहिलं. "बरोबर नाही. जरा वर, जरा खाली. हलतोय सारखा."

दारातल्या चपला वाकड्या दिसल्यावर तो जसा थांबायचा तसा थांबला असणार, हे मला फोनवरूनही दिसत होतं.

"चालेल," तो म्हणाला.

हा शब्द मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. मी फोन हातात धरून उभी राहिले, आणि समोर पडद्यावर आमचं घर हिरवं झालं.